पल्याडचा पडदा

जालिंदरआबा लॅपटॉपला वचनं देतात. हात जोडून, डोळे मिटून, अगदी मनापासून.

"तुझा पंखा साफ करतो. बारा वर्सांची धूळ काढतो. तुझ्या मालकाला सांगतो, गादीवर ठिवून तुला चालवू नगं म्हनून. बोल बाबा, आनि काय ऱ्हायलंय तुझं?"

समोर लॅपटॉप असतो. दिवा लागलेला, पंखा फिरतोय, पण पडदा काळा. आबा उत्तराची वाट बघतात आणि मग तोंडानं सेकंद मोजायला लागतात. "एक्केचाळीस... बेचाळीस..." गिऱ्हाईक नवीन असेल तर दारातच उभं राहतं. आत यावं की आल्या पावली परत जावं, हे त्याला कळत नाही.

आमच्या भागातल्या माणसाला मात्र ही बोलणी कुठली ते लगेच कळतं. दहाव्याला कृष्णेच्या घाटावर पिंड ठेवला आणि कावळा शिवेना, की घरचे एकेक जण पुढं होतात. "धाकटीचं लगीन लावून देतो." "म्हस इकत न्हाई." "थोरल्याशी बोलनं सुरू करतो." गेलेल्या माणसाचं काय राहिलंय ते शोधायचं. बरोबर लागलं तर कावळा शिवतो. नाहीच लागलं आणि ऊन डोक्यावर आलं, की दर्भाचा कावळा करून पिंडाला टेकवतात आणि सगळे आंघोळीला जातात. पलूसच्या एसटी स्टँडमागं, खताच्या दुकानाला लागून जी दहा बाय बाराची खोली आहे, तिथं आबा हेच शास्त्र जुन्या लॅपटॉपवर चालवतात.

मी भूगोलाची शिक्षिका. यंत्रांशी माझं वैर नाही, पण मैत्रीही नाही. लिनक्स हा शब्द मी पहिल्यांदा आबांच्याच तोंडून ऐकला. लोकांनी म्हातारे म्हणून टाकून दिलेले लॅपटॉप ज्या प्रणालीवर पुन्हा उठून चालायला लागतात, ती म्हणजे लिनक्स, एवढं मला समजलं. सुरू होताना ती आधी घरात कोण कोण आहे ते बघते: चित्र काढणारं ग्राफिक्स कार्ड कुठाय, त्याला पडदे किती जोडलेत. कार्डानं ओ दिली नाही तर ती हाका मारत बसते. तेवढा वेळ पडदा काळा. सांगलीतली दुकानं अशा वेळी सुरुवातीच्या फायलीत एक ओळ घालतात, 'शोधू नकोस, तसंच चल.' दोन मिनिटांचं काम.

आबांचं त्याला नाव आहे दर्भाचा कावळा.

"काम हुतंय की," ते म्हणतात. "पर त्ये जेवून गेलं का उपाशी गेलं, कुनी बघितलं?"

आबा फौजेत सिग्नलमध्ये होते, हवालदार म्हणून निवृत्त झाले. वय सत्तरीला टेकलेलं, अंगानं काटक, मिशा पांढऱ्या आणि दोन्हीकडं सारख्या कातरलेल्या. बायको जाऊन बरीच वर्षं झाली. एक लेक आहे, ती बेळगावकडं दिलेली. स्क्रू ठेवायला त्यांच्याकडं स्वयंपाकघरातला मिसळणाचा डबा आहे. हळदीच्या वाटीत बारीक स्क्रू, मोहरीच्या वाटीत त्याहून बारीक, तिखटाच्या वाटीत लांब. तो डबा कुणी अर्धा फेरा जरी फिरवला तरी आबांचं पित्त खवळायचं. "जैसे थे!" असे ओरडायचे की खताच्या दुकानातली माणसंही जागच्या जागी उभी राहायची.

दुकानात शिरलं की मला नेहमी अंगावर काटा यायचा. भर दुपारीसुद्धा आबा दिवा लावत नसत. चारी भिंतींना फळ्या, फळ्यांवर उघडे लॅपटॉप, दहा-पंधरा काळे पडदे तुमच्याकडं तोंड करून. कुठंतरी एखादा बारीक दिवा मिणमिणतोय, एखादा पंखा मध्येच घुरघुरून गप्प होतोय. मध्ये आबा पाठ करून बसलेले, एका लॅपटॉपच्या पाठीला कान लावून. आणि तुम्ही उंबऱ्यावर पाय ठेवला की मागं न बघता म्हणायचे, "या बाई. नवी चप्पल घेतली वाटतं."

बोलतानाही ते तुमच्या तोंडाकडं बघत नसत. कानाच्या मागं कुणी उभं असावं तसं तिथं बघत. मी दोन-तीनदा खरंच मागं वळून पाहिलं आहे. आमच्या शाळेतली मुलं म्हणायची, आबांना मशीनमधलं मेलेलं माणूस दिसतं. मी त्यांना अंधश्रद्धेवर एक तास दिला आणि संध्याकाळी स्वतः त्या गल्लीतून न जाता लांबच्या रस्त्यानं घरी आले.

आणखी एक खोड. पडद्यावर अक्षरं उमटली की ते गिऱ्हाइकालाच वाचायला लावायचे. "रिपोर्ट द्या. मोठ्यानं. काय लिवलंय ते मला ठावं हाय, तुमाला वाचता येतंय का बगतो." दूधवाला असो की डॉक्टर, सगळे शाळेतल्या पोरासारखे उभं राहून इंग्रजी अक्षरं एकेक करून वाचायचे. आबा डोळे मिटून ऐकायचे आणि मध्येच म्हणायचे, "थांबा. गावलं." फौजेतली सवय, असं सगळे म्हणत. मलाही तसंच वाटायचं, आणि हा माणूस माझ्याहून कडक मास्तर आहे याचा थोडा रागही यायचा.

आता आमच्या यांच्याबद्दल सांगायला हवं. विलास सर, माझे यजमान. माझ्याच शाळेत गणित शिकवायचे. एकवीस वर्षांच्या संसारात त्यांनी जेवढी वाक्यं उच्चारली तेवढी मी एका सहलीत उच्चारते. 'हो', 'नाही', 'बघू' आणि 'मीठ दे' यांवर त्यांचं भागायचं. देवाधर्माचं त्यांना काही नव्हतं. मात्र शेवटची दोन-तीन वर्षं दर गुरुवारी शाळा सुटली की औदुंबरला दत्ताच्या दर्शनाला जायचे आणि येताना पेढे आणायचे. लॅपटॉपची पिशवी खांद्याला असायची. दत्ताला लॅपटॉप कशाला, हा प्रश्न मला तीन वर्षांत एकदाही पडला नाही. पेढे चांगले असायचे.

गेल्या पौषात ते झोपेतच गेले. दहाव्याला पिंड नीट ठेवायच्या आत कावळा आला. सगळे म्हणाले, "नशीबवान. सरांचं काही राहिलं नव्हतं." मी मान हलवली. पण खरं सांगते, मला ते लागलं. एक घटका तरी थांबायचं होतं. एवढं कसं काहीच राहिलं नव्हतं?

आषाढात शाळेचे तक्ते करायला म्हणून मी त्यांचा लॅपटॉप पहिल्यांदा उघडला. बटण दाबलं. दिवा लागला, पंखा फिरला, आणि पडदा काळाच राहिला. एक मिनिट, दोन, तीन. चौथ्या मिनिटाला अचानक सगळं उजळलं. बरं, म्हणून मी तक्ता उघडला, तर तो उघडला आणि डोळ्यांदेखत उजवीकडं सरकून पडद्याबाहेर गेला. त्याच्या मागं मी बाण नेला, तर बाणही कडेवरून पलीकडं गेला आणि परत येईना. मी लॅपटॉप उचलून त्याच्या उजव्या बाजूला काय आहे ते पाहिलं. भिंत होती. दुसरी फाईल उघडली, तीही तिकडंच गेली. उघडल्याचा टुण्ण असा आवाज तेवढा यायचा. त्यातून दर दहा सेकंदांनी सगळं क्षणभर थबकायचं, दारात कुणाची चाहूल लागल्यावर माणूस थबकतं तसं.

मी तो पिशवीत घातला आणि आबांकडं गेले. मी काही बोलायच्या आत त्यांनी हात पुढं केला, झाकणाच्या फुटक्या कोपऱ्यावरनं बोट फिरवलं आणि म्हणाले, "सरांचा."

हात मात्र त्यांनी बराच वेळ तिथनं काढला नाही.

"पल्याड एक पडदा हाय असं वाटतंय त्येला," सगळं ऐकून ते म्हणाले. "आर्धं सामान तिकडं मांडतंय. ठिवून जावा."

एक आठवडा गेला. दोन गेले. तीन गेले. मी रोज शाळेतून येताना डोकवायची. "आज न्हाई, बाई." "फुडल्या आटवड्यात बगू." सगळ्या गावाचे लॅपटॉप मागून येऊन पुढं जात होते आणि सरांचा मात्र वरच्या फळीवर मिटलेला. याला ते वचनही देत नव्हते, हे माझ्या लक्षात आलं. शेवटी एका शनिवारी दुपारी शाळा सुटल्यावर मी स्टूल ओढलं आणि बसले. "आबा, आज माझ्यासमोर करा. नाहीतर मी सांगलीला नेते."

आबा नाइलाजानं उठले. लॅपटॉप सुरू केला. चार मिनिटं आम्ही दोघं त्या काळ्या पडद्यापुढं बसलो. आबा मोजत नव्हते. पडदा उजळला तसं त्यांनी दोन-तीन कळा एकदम दाबून पल्याड न सरकणारी साधी काळी पाटी आणली, मग मला एकेक अक्षर सांगितलं, ते मी टाइप केलं, आणि यंत्र सुरू झाल्याच्या जुन्या नोंदींची यादी उघडली.

"एकदम शेवटाकडं चला," आबा म्हणाले. "वरचं नगं. खालची शेवटची वळ वाचा."

मी पंचवीस वर्षं पोरांना सांगत आले आहे, वरपासून वाच, मधलं गाळू नकोस. मी वरपासूनच सुरू केलं. तारीख, वेळ, संध्याकाळचे सहा वाजून दहा मिनिटं, दुसरा पडदा जोडला. पुढची तारीख, सहा वाजून पाच, दुसरा पडदा जोडला. पुढची, सहा वाजून बारा. प्रत्येक ओळीच्या आधी वार लिहिलेला होता, आणि तो एकच होता.

"बाई, खाली चला म्हनलं ना!"

"आबा," मी म्हणाले, "हे सगळे गुरुवार आहेत."

आबांनी पडद्याच्या खालच्या कडेवर बोट ठेवलं.

"औदुंबरच्या देवळात टीव्ही आहे का हो?"

"न्हाई," आबा म्हणाले, आणि सेकंद मोजायला लागले. समोरचा लॅपटॉप चालू झालेला होता. मोजण्यासारखं काही नव्हतं.

मी पुढं वाचत गेले. पडद्याचा आकार होता, मॉडेलचा आकडा होता. टेबलावर ठेवायचा लहान पडदा नव्हता तो, दिवाणखान्यात भिंतीवर असतो तसला मोठा टीव्ही होता. आणि सुरुवातीच्या फायलीत एक ओळ कुणीतरी हातानं घातलेली होती. तिचा अर्थ आबांनीच सांगितला, अगदी बारीक आवाजात. 'पडदा जोडलेलाच हाय असं धरून चाल. दिसला न्हाई तरी हाय.' म्हणून ते रोज उठल्याबरोबर तो टीव्ही शोधत होतं, सापडला नाही तरी आहे असं मानत होतं, आणि माझे तक्ते नेऊन त्याच्यावर मांडत होतं.

"ही ओळ कुणी घातली?"

"सरांनी."

"का?"

आबांनी मिसळणाचा डबा उगीच उघडला आणि मिटला. "म्या काढून टाकतो की ती वळ. दोन मिन्टाचं काम. मग कायबी दिसनार न्हाई, तरास न्हाई."

दर्भाच्या कावळ्याचं नाव काढलं तरी ज्याच्या कपाळाला आठ्या पडत, तो माणूस आपण होऊन दर्भ हातात घेऊन उभा होता. मी लॅपटॉप मिटला, पिशवीत घातला आणि घरी आले.

त्यानंतरचे दोन आठवडे माझे वाईट गेले. पन्नाशीच्या बाईनं सांगू नये, पण सांगते. कुठंतरी एक घर होतं. तिथं एक मोठा टीव्ही होता. दर गुरुवारी सहाच्या सुमाराला माझा नवरा तिथं जाऊन बसायचा आणि मला पेढे आणून द्यायचा. त्या घरात चहा कोण आणून देत असेल, हे मी ठरवूनही टाकलं. ती उंच होती, कमी बोलायची आणि जांभळी साडी नेसायची. मला जांभळा रंग शोभत नाही. मी लॅपटॉप उघडायची, काळ्या पडद्यात स्वतःचं तोंड बघत चार मिनिटं बसायची, आणि मग मुद्दाम एकेक फाईल उघडून ती तिकडं जाताना बघायची. टुण्ण. गेली. टुण्ण. गेली. त्या घरात आता हे सगळं दिसत असेल का, तिला माझे सहामाहीचे तक्ते दिसत असतील का, असंही एकदा मनात आलं. मग मी उठून खोलीतले सगळे दिवे लावले.

शाळेत मी गृहभेटींचा उपक्रम हाती घेतला. अकरा विद्यार्थ्यांच्या घरी जाऊन आले. चहा घ्यायचा, अभ्यासाची चौकशी करायची आणि निघताना टीव्हीच्या पाठीमागं वाकून मॉडेलचा आकडा बघायचा. पालक हवालदिल झाले. एका आईनं पोराला माझ्यासमोरच दोन धपाटे घातले. पोराचा काही गुन्हा नव्हता; टीव्ही वेगळ्या कंपनीचा होता.

शेवटी मीच थकले. एका गुरुवारी संध्याकाळी पिशवी खांद्याला लावून निघाले. ठरवलं होतं, आबांना सांगायचं की काढा ती ओळ, मला काही जाणून घ्यायचं नाही. दुकानाला कुलूप होतं. खताच्या दुकानातला माणूस म्हणाला, "बेस्तरवारी सांजचं आबा घरलाच असत्यात, बाई. लय दिसांची रीत हाय त्येंची." मी रोज डोकवायची ती शाळा सुटल्या सुटल्या; गुरुवारी इतक्या उशिरा त्या बाजूला कधी गेलेच नव्हते, मला काय माहीत?

आबांचं घर मागच्या गल्लीत, दोन खोल्यांचं. दार उघडं होतं. आत अंधारून आलेलं, आणि आबा दाराकडं पाठ करून खुर्चीत बसलेले. मी उंबऱ्यापाशी पोहोचले तेव्हा पिशवीची सुटी कडी बक्कलावर आपटून किणकिणली. आबा वळले नाहीत.

"या सर," ते म्हणाले. "दार उघडंच हाय."

 आवाज इतका साधा होता, इतका रोजचा होता, की माझ्या मागून कुणी आत जाईल म्हणून मी अंग चोरून दाराला चिकटले. कुणी गेलं नाही. आबांनी आपलेच शब्द ऐकले असावेत. त्यांची मान खाली गेली.

"मी आहे, आबा," मी म्हणाले.

"व्हय. कडी वाजली त्येची," आबा म्हणाले. "चुकलं माजं."

त्यांच्या पुढ्यात भिंतीवर टीव्ही होता. हातभर अंतरावर खुर्ची. त्या टीव्हीला ना डिश, ना केबल. एकच काळी वायर खाली लोंबत होती, आणि तिचं टोक स्टुलावर नीट ठेवलेलं होतं. मॉडेलचा आकडा मला वाकून बघावा लागला नाही. मी लॅपटॉप काढला, स्टुलावर ठेवला, वायर खोचली आणि बटण दाबलं.

सहा सेकंद लागले. चार मिनिटं नाही, सहा सेकंद. टीव्ही उजळला आणि सगळी भिंत भरून गेली. बंद करताना जे उघडं असेल ते हे यंत्र पुन्हा उघडायचं; माझे तक्ते होते तिथं, एकावर एक, गेल्या महिनाभरात हरवलेले सगळे. त्यांच्याखाली एक कागद उघडा होता, तो माझा नव्हता. काळ्यावर पांढरी अक्षरं, एकेक वीतभर उंच. लॅपटॉपच्या दुखण्यांची यादी, आणि प्रत्येकापुढं उपाय. वरती नाव होतं, 'आबांसाठी'.

आबा उठले. टीव्हीपाशी गेले, नाक काचेला लागेल इतके जवळ, आणि एका अक्षरावरून दुसऱ्या अक्षरावर सबंध डोकं सरकवत नेऊ लागले. 'आ' झाला. 'बां' झाला. तिसऱ्या अक्षरापाशी ते अडकले.

भूगोलाच्या बाईला समोरचा डोंगर दिसायला एवढी वर्षं लागली. अंधारं दुकान, कान लावून बसणं, मोठ्यानं वाचायला लावणं, कानामागं बघणं, सगळं एका झटक्यात माझ्यापुढं उभं राहिलं आणि मी खाली बसले.

"काचबिंदू हाय," आबा काचेकडं तोंड ठेवूनच म्हणाले. "नजर कडंकडंनं गेली. आता मधी सुपारीएवढं ऱ्हायलंय. अवघड मशीन असलं की म्या घरला आनून ठिवायचो. सर बेस्तरवारी यायचे. भाईर चप्पल काढायचे, पिशवी त्या खुटीला लावायचे आनि म्हनायचे, 'चला आबा, दत्त दाखवा.' मग ते लिवायचे आनि म्या हितं नाक लावून बगायचो. टीवी चालू करायला मला येळ लागायचा, म्हनून ती वळ घातली त्येनी. पडदा हाय असंच धर म्हनून."

"मला का नाही सांगितलं?"

"मीच म्हनलो, कुनाला सांगू नगा. गावाला कळलं तर कोन दील मशीन? दुकान गेलं तर म्या दिसभर करू काय, बाई?" ते काचेपासून मागं झाले. "आनि सर म्हनले, आमच्या हिला तर न्हाईच. तिच्या पोटात काय ऱ्हात न्हाई."

मी चिडले. तोंड उघडलंसुद्धा. मग मिटलं. मी सांगितलंच असतं. दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत सांगितलं असतं, वाईट मनानं नव्हे, कौतुकानं, आणि शनिवारपर्यंत गावभर झालं असतं.

"काम झाल्यावर लगेच निघायचे का?"

"कुटलं! लय बोलायचे सर."

"कोण, हे?"

"व्हय. कवा कवा मशीन बाजूलाच ऱ्हायचं. शाळेतलं, शेतातलं, ल्हानपनीचं. मी एकदा इचारलं, सर, घरात एवढं गप असता म्हनं. तर म्हनले, घरात एक आवाज हाय की आबा. त्यो ऐकत बसायला मला लय आवडतंय."

जांभळ्या साडीवाली गेली. पण तिच्या जागी मला आबांचा हेवा वाटला, हे कबूल करते. एकवीस वर्षं ज्या माणसाचं लहानपण माझं ऐकायचं राहून गेलं, ते या माणसानं गुरुवारी-गुरुवारी ऐकलं होतं. मी रडले, चांगली हुंदके देऊन. आबांनी माझ्याकडं बघितलं नाही. त्यांना दिसलंही नसतं, पण त्यांनी तोंड दुसरीकडं केलं.

ती ओळ मी काढली नाही. आता गुरुवारी मी जाते. मी टाइप करते, चुका करते, आबा ओरडतात. त्यांचं सुपारीएवढं उरलेलं आता मिरीएवढं झालंय, त्यामुळं मीच वाचून दाखवते. वाचता वाचता आबांकडून, सर लहानपणी विहिरीत पडले होते ते आणि घरातून पळून मिरजेला गेले होते ते, असं एकेक करून मला कळत गेलं.

गेल्या महिन्यात आबांनीच ठरवलं की आता लपवायचं नाही. दुकानात पाच-सहा गिऱ्हाइकं असताना उभं राहून, छाती पुढं काढून म्हणाले, "मला दिसत न्हाई. ज्येला मशीन न्यायचं त्येनं न्यावं." कुणी जागचं हललं नाही. दूधवाला म्हणाला, "आवं आबा, चार वरसं झाली आमाला ठावं हाय. उगंच व्हय आमी मोठ्यानं वाचतूया?" डॉक्टरांनीही मान हलवली. अख्ख्या पलूसला माहीत होतं. माहीत नव्हतं ते मला एकटीला, आणि पोटात काही न राहणारी म्हणून बदनामही मीच.

हे लिहिण्याआधी मी आबांची परवानगी घ्यायला गेले. म्हणाले, "लिवा की. मी कुटं वाचनार हाय!" आणि स्वतःच हसले. मग परवा लिहून झाल्यावर मी त्यांच्या घरी जाऊन सगळं वाचून दाखवलं. खुर्चीत ताठ बसून त्यांनी ऐकलं. कातरलेल्या मिशांचं आवडलं. डबा फिरवल्यावर ते ओरडतात हे खोटं आहे, असं म्हणाले. 

"काही बदलायचं का, आबा?"

"न्हाई. सर भाईर चप्पल काढून आत येत्यात, ते तेवढं परत वाचा."

मी पानं मागं उलटली आणि वाचलं. दोनच ओळी होत्या. आबांनी डोळे मिटून ऐकल्या.

"आनि एकदा," ते म्हणाले.